कुलपाचं कुंकू

“दाराला हळदकुंकू लावल्याबिगर गाडी गावाला निघू द्यायची न्हाई. दे जबान.”

सासूबाई, उमाबाई, जाताना एवढंच सांगून गेल्या होत्या. पंचफुलाबाईंनी जबान दिली होती आणि पाळलीही होती. आज देगलूरच्या गॅरेजात टायरच्या थप्पीवर पदर सावरून बसल्या बसल्या तो आवाज त्यांना पुन्हा ऐकू आला. समोर गाडीचं मागचं दार आ वासून उघडं होतं आणि वीरेश मिस्त्री त्यात बॅटरी मारून बघत होता.

दार आपटलं तरी लागत नव्हतं. लागलंच तर वाटेत उघडत होतं. अक्षय्य तृतीयेनंतर लेकीला, राजकन्येला, तिच्या सासरी जळकोटला पोचवायला निघाले तेव्हा मुखेडच्या वळणावर ते उघडलं आणि कुरडयांची अख्खी पिशवी रस्त्यावर सांडली. तेव्हापासून त्यांचे यजमान दयानंदराव दार दोरीनं बांधून गाडी चालवत होते. आज सकाळी विहीणबाईंचा फोन आला.

“पंचमीला लेकीला न्या की, न्हाई कोण म्हणून राहिलंय? पण तवा कुरडया पडल्या, आता माझा नातू पडंल. दोरीच्या दाराला मी त्याला टेकू देणार न्हाई.”

विहीणबाईंचं खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त झोंबलं.

उद्या नागपंचमी. त्या दिवशी काही चिरायचं-कापायचं नसतं, म्हणून उद्या वीरेश हत्याराला हात लावणार नव्हता. लेक आणि नातू घरी यायचे तर दार आजच लागायला हवं होतं.

“दार वाकलंय,” दयानंदराव परत म्हणाले. “जावईबापूंचा हात लई जड. उतरले की धाडकन.”

“थांबा मामा, जावयाला फाशी मागून देऊ.” वीरेशनं दार उघडंच ठेवलं. दाराच्या कडेला कुलपाचं तोंड होतं. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून त्यानं आतला लोखंडी जबडा दाबला. “चांगल्या कुलपाला असं दाबलं की दोनदा टक वाजतंय अन् तोंड मिटून बसतंय. आता हे बघा.”

जबडा फिरला, पण आवाज झाला नाही. स्क्रूड्रायव्हर काढताच तोंड पुन्हा उघडं.

“दार सरळ हाय. चौकटीवरची कडी बी जागेवर हाय. कुलूपच धरून न्हाई राहिलं.”

मग दाराचं आतलं कव्हर निघालं, हँडलच्या सळया सुटल्या आणि कुलूप त्याच्या तळहातावर आलं. त्यानं ते उजेडात धरलं, नखानं आत खरवडलं. बोट लाल झालं. तेलकट, घट्ट गोळा निघाला आणि त्या गोळ्यातून तांदळाचा एक दाणा.

“मामा,” वीरेश हळूच म्हणाला, “ह्या कुलपाचं लगीन कुणी लावलं?”

दयानंदरावांनी बायकोकडं बघितलं. पंचफुलाबाई खाली जमिनीकडं बघत होत्या. घराच्या दाराला कुंकू लावायचं ते कडीकोयंड्याला. गाडीच्या दाराचा कोयंडा तो हाच, असं त्यांनी आपल्या मनानं धरलं होतं. गाडी निघायची म्हटलं की आंघोळ करून, वाऱ्यानं उडून जाऊ नये म्हणून समईच्या तेलात कुंकू कालवून, बोट पार आतपर्यंत नेऊन लावायच्या. वरून अक्षता.

“ह्यात धूळ बसत गेली, मग स्प्रिंग गंजली अन् तुटली. आता हे साफ करून भागायचं न्हाई, नवंच टाकावं लागंल,” वीरेश म्हणाला. “मामी, देवाला निवद दाखवायचा असतोय. घशात कोंबायचा नसतोय.”

दयानंदराव हसले. “म्हंजे जावयावर उगी आळ घेतला की मी. आता पंचमीला त्यांना बी बोलवावं लागंल.”

पंचफुलाबाईंना हसू आलं नाही. “मग मी आत्याबाईंना दिलेल्या जबानीचं काय करू?” त्या पुटपुटल्या.

दयानंदराव जवळ येऊन उभे राहिले. “मायनं सांगितलेलं. लावू नको असं मी म्हणणार न्हाई,” ते म्हणाले. “पण पोरगं त्याच दाराला टेकून बसंल बघ.”

शेजारच्या दुकानातून नवं कुलूप आलं. वीरेशनं सळया अडकवल्या, स्क्रू आवळले आणि स्क्रूड्रायव्हर पंचफुलाबाईंच्या हातात दिला.

“दाबा मामी.”

टक. टक. तोंड मिटलं.

“आता हँडल ओढून ते परत उघडा. न्हाईतर दार लावाल अन् हे बी मोडंल.”

त्यांनी हँडल ओढलं. मग एका तळव्यानं दार नुसतं पुढं लोटलं. लागलं. आपटावं लागलं नाही.

दयानंदरावांनी गाडी सुरू केली. “चल. पोरीला घेऊन दिवस हाय तवरच परतू.”

पंचफुलाबाईंनी दार उघडलं आणि पिशवीतून हळदकुंकवाचा करंडा काढला. लेकीच्या ओटीसाठी आणलेला. हात पुसता पुसता वीरेश थांबला. दयानंदरावांनी आरशातून बघितलं.

त्यांनी नव्या कुलपाला बोट लावलं नाही. वळल्या, फरशीवर पडलेलं जुनं कुलूप उचललं. वीरेशच्या फडक्यानं पुसलं, हळद लावली, कुंकू लावलं, एक अक्षत ठेवली आणि ते घेऊन मागच्या सीटवर बसल्या. दार हलकेच ओढून घेतलं.

टक. टक.

“चला,” त्या म्हणाल्या.

गाडी जळकोटच्या वाटेला लागली. मांडीवर जुनं कुलूप होतं, तोंड उघडं, कपाळ भरलेलं.