मुकादमबाईंचं मशीन

वर्गणीचा डबा काज-बटणाच्या टेबलापर्यंत आला तेव्हा तिथं बसणाऱ्या ‘रेडिओ’नं तो कानाशी धरून हलवला.

"नुसती चिल्लर वाजतेय, ताई," ती म्हणाली. "एवढ्यात मशीन कसलं, मशीनचा खिळा येईल."

बायका हसल्या. मुकादमबाई हसल्या नाहीत. त्यांनी डबा तिच्या हातातून घेऊन पुढच्या रांगेकडे सरकवला. रेडिओचं खरं नाव कारखान्यात कुणी घेत नसे. सकाळी तिच्या कानावर पडलेली गोष्ट जेवणाच्या सुट्टीपर्यंत गेटवरच्या वॉचमनला पाठ असायची.

पैसे सॅनिटरी पॅड देणाऱ्या मशीनसाठी जमत होते. त्या शर्टांच्या कारखान्यात बहुतेक बायकाच, आणि पाळी आली की कटिंगच्या टेबलाखालच्या चिंध्या उचलायच्या, हीच रीत. कडक खळीच्या, रंग सुटणाऱ्या चिंध्या. कुणाला खाज सुटे, कुणाला जखमा होत. मध्यंतरी एका मुलीचा डाग पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्याला लागला आणि अख्ख्या गठ्ठ्याची किंमत तिच्या पगारातून कापली गेली. ती दिवसभर मान वर न करता शिवत राहिली. हे पाप आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडू द्यायचं नाही, असं मुकादमबाईंनी त्या दिवशी मनाशी धरलं.

शेवटच्या रांगेपलीकडे, इस्त्रीच्या टेबलाशी, त्यांची सून उभी होती. डबा पुढे आला तसं तिनं पदराच्या गाठीतलं नाणं टाकलं आणि टेबलाचा काठ घट्ट धरला. वाफेनं तिला उमळून येत होतं. तिला दिवस गेले होते, हे अजून फक्त घरात ठाऊक होतं.

मुलाचा हात यंत्रात सापडल्यापासून घर या दोघींच्या पगारावर होतं. मुकादमबाई कायम होत्या, सून कच्ची. वर्ष भरलं की तीही कायम होणार होती. मग बाळंतपणाची पगारी रजा, आणि परत आल्यावर जागा तशीच. कच्च्या बाईचं पोट ऑफिसला कळलं, तर तिला कुणी रागावत नसे, काढूनही टाकत नसे. फक्त एका सकाळी तिचं हजेरीचं कार्ड गेटवर लागत नसे.

डबा भरला, पण पुरला नाही. मुकादमबाई ऑफिसात गेल्या. मॅनेजरसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि उरलेले पैसे कंपनी घालेल म्हणाले. शंका एकच काढली, की फुकट म्हटल्यावर बायका पिशव्या भरभरून घरी नेतील, त्याचं काय?

ती धास्ती मुकादमबाईंनाही होती. पूर्वी एकदा पदरमोड करून त्यांनी पॅडचं खोकं ठेवून पाहिलं होतं, ते दुपारच्या आत रिकामं झालं होतं. त्यांनीच तोड सुचवली. गेटचं कार्डच मशीनला लावायचं, म्हणजे जिचं तिला मिळेल, आणि जास्त कुणी घेणार नाही. साहेबांना ते फार पटलं. तुम्ही तर इथं ऑफिसात बसायला हव्या होतात, असं ते म्हणाले. मुकादमबाईंनी ते घरी सुनेला सांगितलं, आणि मुलगा आल्यावर पुन्हा सांगितलं.

बायकांच्या संडासात मशीन बसलं. साहेबांनी फीत कापली, फोटो निघाले. डाग लागलेल्या त्या मुलीनं पहिलं कार्ड लावलं आणि ती हसत बाहेर आली. तिला हसताना कित्येकींनी प्रथमच पाहिलं. देवानं हे आपल्या हातून करवून घेतलं, असं मुकादमबाईंना वाटलं.

आता सूनही निभावली की झालं. त्यांनी तिला वाफेतून काढून धागे कापायला बसवलं, आपले सैल कपडे तिला घालायला दिले. तरी एक दिवस रेडिओनं तिला मोरीशी ओकताना पाहिलंच. संध्याकाळी मुकादमबाई मुद्दाम रेडिओबरोबर चालत गेल्या आणि सुनेचं पित्त फार वाढलंय, असं बोलता बोलता म्हणाल्या.

"मलाही दोनदा झालं होतं हो, ताई," रेडिओ म्हणाली. "एक पित्त आता चौथीत आहे."

दुसऱ्या दिवसापासून मुकादमबाई जादा कामाच्या, म्हणजे जादा पैशांच्या, फळ्यावर रेडिओचं नाव सगळ्यांत वर लिहू लागल्या. रेडिओ सुनेला जाता-येता आपल्या डब्यातलं लिंबू देऊ लागली.

वर्ष भरायला थोडेच दिवस उरले होते. एका सकाळी सुनेनं गेटवर कार्ड लावलं, तर दिवा लालच राहिला. वॉचमननं तिच्याकडे न बघता तिला बाजूला उभं केलं.

मुकादमबाई तडक काज-बटणाच्या टेबलाशी गेल्या.

"एवढं एक नाही राहिलं तुझ्या पोटात?" त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या नातवंडाच्या तोंडचा घास काढलास."

रेडिओनं पोरांची शपथ घेतली. आजूबाजूच्या बायकांनी माना फिरवल्या. मुकादमबाईंनी सगळ्यांदेखत फळ्यावरचं तिचं नाव पुसलं आणि त्या ऑफिसचा जिना चढल्या.

साहेबांनी आजही पाणी मागवलं. मुकादमबाई उभ्यानंच बोलल्या. त्या बाईच्या जिभेला हाड नाही, असल्या चहाडीवर विसंबून साहेबांनी गरिबाच्या पोटावर पाय देऊ नये, असं त्यांनी हात जोडून सांगितलं.

"कोण बाई?" साहेबांना खरंच समजलं नाही. "आम्हाला कुणीच काही सांगितलेलं नाही. मशीन बसल्यापासून तुमच्या सुनेचं कार्ड त्याला एकदाही लागलेलं नाही, एवढंच."

मग ते उठले आणि त्यांनी खुर्ची स्वतः पुढे केली.

"बसा, मुकादमबाई. तुमचे तर आम्ही आभार मानायला हवेत. पूर्वी पोट दिसेपर्यंत थांबावं लागायचं."