परत आल्याची वेळ

सरकारी जलसुरक्षा खातं आणि हौशी बोटवाले यांच्यातला दुवा म्हणून मी धक्क्यावर बिनपगारी काम करतो. बोट सुटण्याआधी प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचा पट्टा ओढून बघायचा, वहीत नाव लिहायचं आणि माणूस परतला की पुढच्या रकान्यात वेळ टाकायची.

गेल्या वर्षी बायको मैत्रिणींबरोबर निघाली. म्हणाली, "जगाचे पट्टे ओढता, माझा नाही बघणार?"

"घरच्या माणसाची कसली तपासणी?" मी हसलो आणि पट्टा न बघताच वहीत तिचं नाव लिहिलं.

बोट उलटली. मैत्रिणी परत आल्या. हिचं नुसतं जॅकेट तरंगत आलं, पट्टा सुटलेला. ते मी घरी दाराजवळच्या खुंटीला टांगून ठेवलंय.

आज खात्याचे इन्स्पेक्टर वही घेऊन बसले. "काका, वर्ष झालं. एवढी एकच ओळ उघडी आहे, वरून विचारतात. काहीतरी वेळ टाका आणि मिटवा."

वर्षभर टाळलं होतं. आज भिंतीवरच्या घड्याळात बघून लिहिलं: परत, चार वाजून दहा मिनिटं. खाली सही केली.

घरी पोचलो तर दाराला आतून कडी. मी एकटाच राहतो. तरी वाजवलं.

कडी निघाली. फरशी ओली होती. खुंटी रिकामी होती.

"अहो, चार दहापासून वाट बघतेय," ती म्हणाली. "आता तरी पट्टा ओढून बघा."