जुन्या डिस्कवरची लाल टिकली

अलीझाने चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा कॅबिनेट दुकानाच्या काउंटरवर ठेवला आणि पाटी वाचून खात्री करून घेतली.

“श्रावणभाऊ तुमीच ना?”

“मीच. बसा भाभी. दुरून आनला वाटते?”

“अकोल्याहून. यष्टीच्या मागच्या सीटवर ठेवला होता, लय उडाला. पन पुऱ्या अमरावतीत ज्याले इचारलं, त्यानं तुमचंच नाव सांगतलं.”

श्रावणने आधी रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथे काचेच्या दाराचं, एसी लावलेलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं मोठं दुकान होतं. त्या दारातून रोज किती माणसं आत जातात हे त्या दुकानाच्या मालकापेक्षा श्रावणला जास्त ठाऊक होतं. ते दार सोडून ही बाई इकडे आली होती. त्याने खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसून दिली.

कॅबिनेट तिच्या सासऱ्यांचा, अब्दुल सत्तार सरांचा. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवून सर निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी या कॉम्प्युटरवर आत्मचरित्र लिहायला बसले. बारा वर्षं लिहीतच होते. आता कॉम्प्युटर सुरू व्हायला पंचवीस मिनिटं घ्यायचा आणि आतून टकटक वाजायचा. सरांना जुन्या डिस्कच्या जागी नवी, वेगवान एसएसडी डिस्क हवी होती. विंडोज मात्र जुनीच, जशीच्या तशी, फाँटसकट उचलून तिच्यावर आणायची.

“पुस्तकाची दुसरीकडे कॉपी असंल ना?”

“कुठंच नाई. हे एवढंच.”

“मंग आधी पेन ड्राइव्हवर एक—”

“कायले? वेळ जाते त्याच्यात. तुमच्यावर पुरा भरोसा हाय.”

हा शब्द श्रावणने दोन वर्षांत ऐकला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी नांदगाव खंडेश्वरच्या एका फोटोग्राफरचं असंच काम त्याने घेतलं होतं. जुनी डिस्क नवीवर उतरवायची, तर त्याने नवी जुनीवर उतरवली. भरलेल्या डिस्कवर रिकामी डिस्क इमानेइतबारे कॉपी झाली. एकोणीस लग्नं कोरी. दोन जोडप्यांनी पुन्हा हार घालून फोटो काढले, बाकीच्यांनी श्रावणच्या नावाने बोटं मोडली. पाठोपाठ एका वकिलाचा लॅपटॉप, मग एका क्लासची प्रश्नपत्रिका. आता त्याच्याकडे फक्त माऊस आणि कीबोर्ड यायचे. त्यांत हरवण्यासारखं काही नसतं.

पायलने, म्हणजे त्याच्या बायकोने, निकाल देऊन टाकला होता. “अजून एकडाव असं झालं का शटर पाडा, अन् परतवाड्याले माह्या भावाच्या किराण्यात पुड्या बांधाले बसा.” टिकल्यांचं पाकीटही तिनेच दिलं होतं. “जुन्या डिस्कले लाल टिकली लावाची. टिकली दिसली का तिच्यावर काईच लिहाचं नाई. एवढं तं समजते ना तुमाले?”

पाकीट फोडायची वेळच आली नव्हती. आज त्याने ते फोडलं.

“संध्याकाळी येतो,” म्हणत अलीझा आपल्या माहेरी, गावातच, निघाली. जाताना चहाचा अर्धा कप उघड्या कॅबिनेटच्या कडेवर ठेवून गेली. श्रावणने तो हलकेच उचलला. बिचारी. सासऱ्याची बारा वर्षांची मेहनत डोक्यावर घेऊन फिरणाऱ्या बाईला कप कुठला सुचणार?

अकरा वाजता त्याने कॉपी लावली. बटण दाबण्याआधी टिकली तीनदा पाहिली. मग बोट लावून चौथ्यांदा पाहिली.

एकसष्ट टक्क्यांवर आकडा अडला. जुनी डिस्क टकटकू लागली. एरवी त्याने वैतागून मशीन बंद केलं असतं. आजवरची निम्मी वाट त्या सवयीनेच लागली होती. आज त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले, टेबलफॅन डिस्ककडे वळवला आणि जेवणाचा डबाही न उघडता घामाघूम बसून राहिला.

पावणेदोन तासांनी बासष्ट झाले.

साडेचारला शंभर. त्यानंतर जुनी डिस्क एकदा कर्र वाजली आणि कायमची गप्प झाली.

नवी डिस्क बारा सेकंदांत उघडली. गिऱ्हाइकाचं वाचायचं नाही, हा त्याचा नियम. म्हणून त्याने फाइली फक्त उघडून, मोजून बंद केल्या. ‘माझे बालपण’, ‘बदलीचे दिवस’, ‘थोरल्याच्या लग्नाचे खरे कारण’, ‘व्याह्यांविषयी स्पष्टच’, ‘दोन्ही सुना : काही निरीक्षणे’. सेहेचाळीस प्रकरणं, सहाशे बारा पानं. एक ओळ हललेली नव्हती.

कॅबिनेटवर सरांनी नावासकट फोन नंबर चिकटवला होता. श्रावणला राहवलं नाही.

पाचला अलीझा आली. तिने पडद्याकडे पाहिलं, मग श्रावणकडे, मग पुन्हा पडद्याकडे.

“सगळं आलं?”

“सगळं.”

“सुनायचं प्रकरनही?”

“भाभी, काना-मात्राही गेला नाई! सरले फोन केला ना मी. खुशीनं रडले सर. म्हने, तिथूनच अकोल्याच्या प्रेसवाल्याले मेल कर. केला बी! शंभर प्रती काढून राहिले, पह्यले साऱ्या नातेवाइकायले.”

अलीझा खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले. ते पाहून श्रावणलाही भरून आलं. पाटी उद्याच रंगवायला टाकायची, त्याने ठरवलं.

“एक इचारू भाभी? मले सांगा, माह्यं नाव कोनं कोनं सांगतलं?”

“म्हनलं ना, सगळ्यायनंच,” डोळ्यांना ओढणी लावत ती म्हणाली. “मी इचारलं होतं, कॉम्प्युटरमधलं हमखास उडवून देते असा मानूस कोन हाय?”