अवलंबित

“काका, यातलं काहीच चालणार नाही.”

ऋजुताने फाइल टेबलावरून परत सरकवली. नौपाड्यातल्या या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून ती लोकांचे परदेशात स्थायिक होण्याचे अर्ज भरून द्यायची. वय जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस. त्र्यंबक वर्तकांना आधी तिचं ‘काका’ खटकलं, मग बाकीचं वाक्य. निवृत्त होईपर्यंत डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत ते खरेदी विभागाचे जनरल मॅनेजर होते. तिथे त्यांना कोणी काका म्हणायची हिंमत केली नव्हती.

“मुदत ठेवी आहेत, शेअर्स आहेत, दोन फ्लॅट आहेत. नीट वाचलंस का तू?”

“वाचलं. पण तुम्ही निवडलाय त्या देशाला निवृत्त माणसाची पेन्शन लागते. दर महिन्याला येणारी, मरेपर्यंत मिळणारी. साठवलेला पैसा ते धरत नाहीत. तुमची पेन्शन दिसतेय तीन हजार एकशे बारा.”

त्र्यंबकराव हसले. प्रॉव्हिडंट फंडाच्या त्या पेन्शनकडे त्यांनी आजवर ढुंकूनही पाहिलं नव्हतं. “अगं, एवढे तर मी ड्रायव्हरला दिवाळीत द्यायचो.”

“हो, पण फॉर्मवर तेच लिहावं लागेल.”

परत फिरणं शक्य नव्हतं. गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत पार्किंगवरून वाद पेटला, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं होतं, “तुमची ही भांडणं तुम्हाला लखलाभ. मी समुद्राकाठी राहायला चाललोय. कायमचा.” तेव्हापासून ते सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी निळ्या पाण्याचा एक फोटो टाकत. खालच्या मजल्यावरचे लोक त्यावर हात जोडल्याचं चिन्ह पाठवत, आणि त्र्यंबकरावांना त्या लोकांची आणखीच कीव येई.

“काकूंची काही पेन्शन आहे का?” ऋजुताने विचारलं.

“हिची?” त्यांनी शेजारच्या खुर्चीकडे अंगठा केला. “ही नर्स होती. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात.”

त्यांची बायको सुमती पिशवीचे बंद सरळ करत होती. ती काही बोलेल अशी त्यांची अपेक्षा नव्हती. या नोकरीबद्दल बोलण्यासारखं होतं तरी काय? कळकट वॉर्ड, रडारड, साडीला येणारा फिनेलचा वास. सोड म्हणून त्यांनी तिला निदान तीस वेळा सांगितलं असेल. तिच्या पगाराला ते भाजीचे पैसे म्हणायचे. एकदा कंपनीच्या पार्टीत जपानी पाहुण्यांनी विचारलं, मिसेस काय करतात? तेव्हा ती शेजारीच उभी होती. त्यांनी पटकन सांगून टाकलं, काही नाही, घरीच असते. वेळ निभावून नेल्याचं त्यांना समाधानच वाटलं होतं.

सुमतीने पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि ऋजुतासमोर ठेवलं. पेन्शन मंजुरीचा आदेश, बँकेचं पासबुक, हयातीचा दाखला. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स दोन दोन.

ऋजुताने पासबुकाची पानं उलटली. मग कॅल्क्युलेटर जवळ ओढला.

“काका, झालं काम! काकू मेट्रन म्हणून रिटायर झाल्यात ना, त्यांच्या पेन्शनमध्ये दोघांचंही बसतंय. अर्जदार काकू. तुम्ही अवलंबित.”

“कोण?”

“अवलंबित. म्हणजे त्यांच्यावर…”

“अर्थ कळतो मला. दुसरा शब्द नाही?”

“फॉर्मवर हाच छापलाय.”

खिडकीखालून रिक्षांचे हॉर्न येत होते. त्र्यंबकरावांनी सुमतीकडे पाहिलं. ती पासबुक पुन्हा पाकिटात घालत होती. काही तरी बोलेल, टोमणा मारेल, म्हणून ते थांबले. तिने पाकिटाचं बटण लावलं आणि हात मांडीवर ठेवले.

“आणि एक पत्र लागेल, तुमच्या हस्ताक्षरात,” ऋजुता म्हणाली. “मी सांगते, तुम्ही लिहा. इंग्लिशमध्येच लिहिता का?”

“त्यांना मराठीत लिहू दे ना,” सुमती पहिल्यांदाच बोलली. “इंग्रजी मागून करून घेता येईल.”

हिला कुठलं इंग्रजी झेपायला, असं मनाशी म्हणत त्यांनी पेन उघडलं. लिहू या. कागद तर परदेशात कुठल्या तरी कपाटात जाऊन पडणार. सोसायटीतलं कोण बघायला येतंय?

“मी, त्र्यंबक गणेश वर्तक,” ऋजुता सांगू लागली, “असे लिहून देतो की माझे स्वतःचे निवृत्तिवेतन माझ्या निर्वाहास पुरेसे नाही. माझा सर्व खर्च माझ्या पत्नी सुमती यांच्या…”

त्यांनी ‘सुमती हिच्या’ लिहिलं.

“‘हिच्या’ नको काका. अर्जदार आहेत त्या. ‘यांच्या’ करा.”

त्यांनी खोडलं. वर ‘यांच्या’ लिहिलं. खाडाखोड चालत नाही म्हणून ऋजुताने नवा कागद दिला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं. ‘…यांच्या निवृत्तिवेतनातून होतो. मी पूर्णपणे त्यांच्यावर अवलंबून आहे.’ खाली सही. जनरल मॅनेजर असतानाची, लांबलचक शेपटीची सही त्यांच्या हातून उमटलीच नाही.

सुमतीने कागद ओढून घेतला. चष्मा लावला. सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचला. मग पुन्हा एकदा वाचला. मधोमध घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली.

ऋजुताने हात पुढे केला. “काकू, तो कागद इथे लागेल. अर्जाला जोडायचाय.”

“नाही लागणार,” सुमती उठत म्हणाली. “मला कुठेही जायचं नाहीये गं. मला फक्त एवढं लिहून हवं होतं.”