छप्पन्नची की एकावन्नची

ओहायोतल्या त्यांच्या क्लबाचा एक नियम होता. वाढदिवसाच्या फेरीला ज्याने त्याने आपल्या जन्मसालची मोटरसायकल काढायची. म्हणून मर्ल बायकोला, लव्हर्नला, जुन्या गाड्यांच्या बाजारात घेऊन आला. विकणारा ऑर्व्हिल त्याचा जुना दोस्त.

"ही घे तुझी. छप्पन्नची." मर्लने आकाशी रंगाची एक किरकोळ फटफटी दाखवली.

लव्हर्नने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेजारच्या काळ्याभोर, धिप्पाड गाडीला प्रदक्षिणा घालून झाली, टाकीवरून हात फिरवून झाला.

"मला ही हवी."

"अगं, ती एकावन्नची! नियम म्हणजे नियम. तू पाच वर्षांनी लहान आहेस तिच्यापेक्षा."

लव्हर्नने ओठ चावला. लग्नाआधीपासून जिवापाड जपलेली पाच वर्षं होती ती.

"नाहीये," ती शेवटी पुटपुटली.

"काय नाहीयेस?"

"लहान! एकावन्नचीच आहे मी. झालं समाधान? आता घे हसून काय हसायचं ते."

मर्ल हसला नाही. आभाळाकडे बघत शीळ घालायला लागला. ऑर्व्हिलने मात्र सुटकेचा निःश्वास टाकला आणि खिशातून किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"धरा वहिनी. ती आकाशी माझ्या बायकोची, विकायची नव्हतीच. आणि ही काळी यानं गेल्या महिन्यातच तुमच्यासाठी घेऊन ठेवलीये. मला दम दिला होता, तिच्या तोंडून खरं साल ऐकल्याशिवाय किल्ली द्यायची नाही."