थांब्यावरची हजेरी

कुत्री नुसती पळतात, बर्फगाडी खरी चालवतो तो माणूस, असं मी युकॉन नदीकाठच्या आमच्या शाळेत बारा वर्षं शिकवत आले. यंदा बर्फगाड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत माझा नवरा लायलच होता, म्हणून अख्खा वर्ग घेऊन शर्यतीच्या वाटेतल्या थांब्यावर गेले. दुपारी त्याची दहा कुत्री मजेत पळत आली आणि आपणहून थांबली. गाडीवर कोणीच नव्हतं. वर्गाने माझ्याकडे पाहिलं.

मी धावत पुढे गेले. नोंदी ठेवणाऱ्या इफ्रेमकाकांना विचारलं, "काका, लायल कुठाय?"

"डुलकी लागून पडला असेल, बाई. दरवर्षी एखादा पडतोच." त्यांनी कुत्री मोजली. "दहा. बरोबर आहेत."

"अहो, उणे तीस आहे बाहेर!"

"मग येईल की भराभर चालत."

तासाभराने तो मागच्या स्पर्धकाच्या गाडीत, सामानावर बसून आला. नाक लालभडक, बाकी शाबूत. मी सगळ्या वर्गासमोर त्याला मिठी मारून रडले. तो माझ्या खांद्यावरून म्हणाला, "कुत्री जेवली का?"

"जेवली रे मेल्या!"

डोळे पुसून मी म्हटलं, "काका, आता हाही आला म्हणून लिहा."

काकांनी कागद पुढे केला. त्यात आलेली कुत्री आणि निघालेली कुत्री, असे दोनच रकाने होते.