ओळीच्या तोंडाशी

"हे बघा," ती म्हणाली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आबांनी लिहिलेला प्रोग्रॅमचा कोड होता. "स्वल्पविराम ओळीच्या शेवटी देतात. आबांचे सगळे ओळीच्या सुरुवातीला. शेपूट तोंडाकडून फुटलंय!"

अख्खी टीम खो खो हसली. आबाही हसले. ऑफिसात वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून ते सगळ्यांचेच आबा.

"जुनी सवय गं. बदलतो."

"आजच बदला. टीमचा कोड एका हाताने लिहिल्यासारखा दिसला पाहिजे."

टीमची प्रमुख होती ती. आपला विनोद जमला म्हणून जेवतानाही मनातल्या मनात खूश होती.

जेवण झाल्यावर काहीतरी विचारायला ती आबांच्या टेबलाकडे गेली. आबा नेहमी भिंतीला पाठ लावून बसत. आज ती खिडकीच्या बाजूने आली आणि तिथेच थबकली.

आबांच्या स्क्रीनवर अंगठ्याएवढी अक्षरं होती. प्रत्येक ओळीचे पहिले दोन-तीन शब्द तेवढे मावत होते, बाकीची ओळ कडेबाहेर. स्क्रीनच्या काचेला नाक टेकवून आबा सुरुवातीचा स्वल्पविराम पुसत, मजकूर सरकवत सरकवत वरच्या ओळीच्या टोकाला जात, तिथे तो टाकत आणि परत येत. परत आले की ओळ हरवलेली असे. मग काचेवर बोट फिरवून ती शोधत.

"आबा, डोळे...?"

आबा दचकले. घाईघाईने त्यांनी अक्षरं लहान केली. चारचौघांसारखी.

"डावा गेला. उजवा आहे कामापुरता. स्वल्पविराम पुढे असला की एखादा राहून गेला तर लगेच कळतं, एवढंच." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वर कुणाला बोलू नकोस हं."

तिच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं.

"राहू द्या आबा. होते तसेच राहू द्या."

"छे, छे. तुझं बरोबर होतं. उगाच माझंच वेगळं कशाला दिसायला हवं?"

त्यांनी अक्षरं पुन्हा मोठी केली, पुढच्या ओळीचं टोक गाठलं आणि चाचपडत एक बटण दाबलं.

"बघ बरं, नीट पडलाय ना?"

ती वाकली. बोट शेजारच्या बटणावर पडलं होतं. स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम होता.

"पडलाय ना गं?" आबांनी पुन्हा विचारलं.

तिला मान वर करता येईना.